ऐकणे संभवत नाही

‘प्राध्यापक-कक्षात बसविण्यात आलेला ध्वनिक्षेपक हे प्राचार्यांच्या सूचना कक्षात पोहोचविण्याचे साधन असून त्याद्वारे कक्षातील संभाषण ऐकणे संभवत नाही, सबब, सदर संभाषणाचा वृत्तान्त त्या वेळी कक्षात उपस्थित असलेल्या व्यक्तीखेरीज अन्य कोणाकडून बाहेर गेला असावा, असे मानण्यास समितीला आधार आढळत नाही.’

वाक्य सुबक होते. विद्याधरचे अर्धे आयुष्य इतरांची वाक्ये तपासण्यात गेले होते. आवडीने तो मुंबईच्या जुन्या गावठाणांतल्या बायांची बोली आणि गाणी गोळा करी, पोटासाठी अंधेरीच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवी. आणि सुबक वाक्य दिसले की त्याचा कारागीर कोण, हे आधी शोधण्याची त्याला खोड जडली होती. या वाक्याच्या बाबतीत मात्र त्याने ती खोड वापरली नाही. चौकशी समितीत एक निवृत्त न्यायाधीश होते, संस्थेचे एक विश्वस्त होते, आणि सचिव म्हणून स्वतः प्राचार्या मृणालिनीबाई होत्या. भिंतीवरच्या त्या पेटीला ऐकू येते काय, असा प्रश्न समितीला पडला, हे तिच्या बुद्धीला भूषणावह होते. तो प्रश्न तिने पेटीच्या दुसऱ्या टोकाला रोज सकाळी बसणाऱ्या बाईंना विचारला आणि त्यांचे उत्तर जसेच्या तसे छापले, हे तिच्या शिष्टाचाराला भूषणावह होते. न्यायाधीशांनी पेटीकडे एकदा मान वर करून पाहिले, असे परिशिष्टात नमूद आहे. मान वर करून पाहणे याला ‘प्रत्यक्ष पाहणी’ म्हणतात. पण हे सारे विद्याधरला पुढे सुचले. सत्त्याहत्तरच्या भाद्रपदात अहवाल हाती पडला तेव्हा त्याने इतर सर्वांप्रमाणे ते वाक्य खरे मानले. आणि ते खरे मानणे त्याला इतरांपेक्षा कितीतरी जड होते, कारण त्या दिवशी त्या खोलीत दोनच माणसे होती. एक तुरुंगात गेले. दुसरा तो होता.

उत्तरा कोठारे इतिहास शिकवायची. शहात्तरच्या जानेवारीत, आणीबाणी अंगवळणी पडू लागली होती तेव्हाची गोष्ट. शिस्तीला पाठिंबा देणाऱ्या ठरावावर सगळ्या प्राध्यापकांनी सह्या कराव्यात, असा निरोप पेटीतून आला होता. शुक्रवारी शेवटचा तास संपून खोली रिकामी झाल्यावर उत्तराने शिपाई धोंडूला चहाचे पेले घेऊन बाहेर पाठवले, दार लावून घेतले, आणि पंख्याखालच्या बाकावर बसून ती विद्याधरला म्हणाली होती, “मी सही करणार नाही. आणि माझ्या घरी काही पत्रकं आहेत, तांदळाच्या डब्यात, तळाला. सोमवारी वाटणार आहे. कुणालातरी ठाऊक असावं म्हणून तुला सांगते.” तो काहीतरी म्हणाला होता, सांभाळून, किंवा विचार कर, असले काहीतरी, सुशिक्षित माणूस भीतीला जे सभ्य नाव देतो तसले. शनिवारी पोलीस तिच्या घरी गेले. त्यांनी पुस्तकांच्या कपाटाला हात लावला नाही, गाद्या उचकटल्या नाहीत. ते सरळ स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी तांदळाचा डबा जमिनीवर पालथा केला. तिची आई त्या सांडलेल्या तांदळाकडे पाहत बसली आणि नंतर बरेच दिवस तशीच बसली. उत्तरा मिसा कायद्याखाली येरवड्याच्या तुरुंगात असताना ती वारली. सुटून आल्यावर उत्तरा मुलुंडला भावाकडे राहू लागली. संस्थेने नव्या वाऱ्याची दिशा पाहून तिला सन्मानाने परत बोलावले. तिने कळवले की कोणी सांगितले हे समजल्याशिवाय येणार नाही. मग समिती, मग अहवाल, मग हे वाक्य.

आपण सांगितले नाही, हे विद्याधरला ठाऊक होते. पण ठाऊक असणे ही गोष्ट त्याला वाटली होती तितकी टणक निघाली नाही. रात्रंदिवस एकाच शब्दाकडे पाहत राहिले की तो शब्द परका वाटू लागतो, तसे त्याचे निरपराधपण त्याला परके वाटू लागले. त्या शुक्रवारी घरी येताना पानवाल्याशी काय बोललो? झोपेत बोलतो का? भावाला पत्र लिहिले होते, त्यात? मुळात त्या दिवशी डब्याचे ऐकल्यावर आपल्या चेहऱ्यावर असे काही उमटले का, की बाहेर व्हरांड्यात कुणीही ते वाचावे? त्याआधी, उत्तरा अजून तुरुंगात असताना, त्याने धोंडूचा संशय घेतला होता. दाराला कान लावण्याचे काम शिपायाचेच, असा सुशिक्षितांचा एक निरुपद्रवी समज असतो. त्याने एकदोघांकडे सहज तसे सुचवले, आणि धोंडूची बदली तळघरातल्या ग्रंथसाठ्यात झाली. तिथे त्याला धुळीचा दमा जडला. विद्याधरला भेटला की तो पूर्वीसारखाच “सर, बरं ना?” असे विचारी. हा प्रश्न विद्याधरला सहन होत नसे, म्हणून तो तळघराकडे जाईनासा झाला. उत्तरा सुटल्यावर, अहवाल येण्यापूर्वी, तो तिच्याकडे तीनदा गेला. दोनदा तिच्या भावजयीने दारातून परत पाठवले. तिसऱ्यांदा उत्तरा स्वतः दारात आली आणि म्हणाली, “तुम्हाला काही सांगायचं असेल तर समितीला सांगा.” कॉलेजात पहिल्या वर्षापासून जी त्याला अरेतुरे करत आली होती, तिच्या तोंडून आलेले ते ‘तुम्हाला’ घेऊन तो जिना उतरला.

अहवाल आल्यानंतरच्या त्या आठवड्यांत त्याने मन गुंतवायला जुने काम पुन्हा काढले. मरोळच्या गावठाणात एमिलिया नावाची म्हातारी होती. लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवरून पाणी आणताना ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती, बाया जी गाणी म्हणतात, ती तिच्याइतकी कुणाला येत नसत. विद्याधरच्या टेपरेकॉर्डरबरोबर आलेला हलका माइक माहुलच्या खाऱ्या हवेत पूर्वीच मेला होता. एमिलियाचा मुलगा लॉरेन्स लग्नांना आणि फेस्ताला, चर्चच्या सणाला, लाऊडस्पीकर भाड्याने देई. चर्चच्या मागे त्याची पत्र्याची खोली होती आणि तीत चित्रपट-स्टुडिओंनी टाकून दिलेले माइक माळ्यावर मासळीसारखे उलटे टांगलेले असत. त्याने त्यातला एक काढून विद्याधरच्या हातात ठेवला. जड, काळपट, वर जाळीचा मुलामा उडालेला, मानेशी बिजागरी.

“डायनॅमिक आहे सर. ह्याला वीज लागत नाय, कोळशाची पावडर लागत नाय, काय पण लागत नाय. आत एक पडदा, एक तारेचं वेटोळं, एक चुंबक. बस. म्हातारा आहे, पण बहिरा नाय.”

“पडला तर?”

“तर फरशी बदला. कानाशी हलवून बघा. आत खुळखुळला तर घेऊ नका. आणि वास घ्या.”

“वास कशाला?”

“बुरशीचा आला तर पडदा गेला समजा. लिपस्टिकचा आला तर चालेल.”

विद्याधरने वास घेतला. तंबाखू, गंज, आणि त्यांच्याखाली आणखी काहीतरी, अनेक अनोळखी माणसांच्या उच्छ्वासाचा साका. जाळीच्या आत लोखंडाचा बारीक कीस चुंबकाला केसांसारखा चिकटून बसला होता. कोणकोण याच्यासमोर तोंड उघडून गेले असेल, कोणत्या नायिकेने यात खोटे रडून घेतले असेल, असे काहीसे त्याच्या मनात आले आणि त्याला आपल्या या हळवेपणाची शिसारी आली. वस्तू वस्तू असते. त्याने माइक घेतला. एमिलियाने मात्र पाहताक्षणी तोंडावर पदर घेतला.

“याच्याकडे तोंड करून नाय बोलायची मी. हा माझ्या घशात बघतो.”

“आई, तो बघत नाय, ऐकतो,” लॉरेन्स म्हणाला.

“तेच रे. बघितलं तर दिसतं तरी कोन बघतंय ते.”

शेवटी ती पाठ फिरवून, भिंतीकडे तोंड करून गायली. आवाज फाटका होता. पाण्याला जाणाऱ्या नवरीला करवल्या चिडवतात ती जागा आली की तो अचानक पोरसवदा होई. जुन्या माइकने तो सगळा घेतला, खरखरीसकट आणि दम लागल्यासकट.

आणि रविवारी दुपारी घरी ती फीत ऐकताना ती गोष्ट घडली. गोष्ट म्हणण्याइतकीही ती मोठी नव्हती. रेकॉर्डरच्या पाठीवर दोन सारखीच भोके होती, खालची अक्षरे कधीच पुसली गेली होती. स्पूल फिरत होते, एमिलिया गात होती, आणि पुढची तयारी म्हणून विद्याधरने माइकची पिन न पाहता मागे खुपसली. खोली एकदम गप्प झाली. रेकॉर्डर बिघडला असे समजून त्याने हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. कुठेतरी एमिलिया गातच होती. बारीक, डासाएवढी, पण शब्दन्‌शब्द. त्याने खिडकीबाहेर पाहिले, मग शेजारच्या भिंतीकडे, मग टेबलाकडे. टेबलावर आडवा पडलेला माइक गात होता. त्याने तो उचलून कानाशी धरला. थंड जाळी कानाच्या पाळीला लागली आणि म्हातारी त्याच्या कानात म्हणाली की नवरीच्या घागरीला तळ नाही. पिन चुकीच्या भोकात होती, बाहेरच्या स्पीकरसाठी असलेल्या. इतकेच. पडदा, वेटोळे, चुंबक. आवाजाने पडदा हलला की तारेत वीज उमटते. तारेत वीज सोडली की पडदा हलून आवाज उमटतो. स्पीकरच्याही आत पडदा, वेटोळे आणि चुंबकच असते. त्या पडद्याला दोन्ही कामांत फरक ठाऊक नसतो. फरक असतो तो दुसऱ्या टोकाला काय जोडले आहे त्याचा, आणि तिथे कोण बसले आहे त्याचा.

तो खुर्चीवर बसला. माइक अजून गात होता, तो बंद करण्याचे त्याला सुचले नाही. हातापायांतून काहीतरी उतरत चालले होते, जिना उतरताना अंधारात एक पायरी कमी निघावी तसे, आणि ती न सापडलेली पायरी संपतच नव्हती. महाविद्यालयाच्या प्रत्येक खोलीत ती पेटी होती: सागवानी चौकट, पुढे गोणपाटासारखे तपकिरी कापड. रोज सकाळी पहिल्या तासाआधी तीतून मृणालिनीबाईंचे ‘चिंतन’ ऐकू येई. वक्तशीरपणा, स्वावलंबन, अंतर्मुखता. प्राध्यापक-कक्षातली पेटी पंख्याच्या बाकाच्या बरोबर वर होती. त्या बाकावर बसण्यासाठी ज्येष्ठतेनुसार चढाओढ असे. आणि तिथे बसून ही विद्वान मंडळी काय करीत? गुप्त बोलायचे झाले की शिपायाला बाहेर घालवत. ज्याला इंग्रजी येत नाही आणि मराठी नुसतीच बोलता येते, त्या धोंडूपासून देशाचे भवितव्य सुरक्षित ठेवून, दार लावून, पेटीच्या खाली, वर्गात कमावलेल्या सुस्पष्ट आवाजात, संपूर्ण वाक्यांत बोलत. धोंडूसारखे पुटपुटत, अर्धवट, हातवारे करत बोलले असते तर कदाचित कुणाला काही कळलेही नसते. एवढेच नव्हे. खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या यंत्रांची पूजा होई तेव्हा आपल्याही खोलीत एखादे यंत्र असावे म्हणून मराठी विभागाने त्या पेटीला हळदकुंकू लावण्याची आणि झेंडूचा हार घालण्याची प्रथा पाडली होती. पंचाहत्तरच्या खंडेनवमीला बाकावर चढून हार विद्याधरनेच घातला होता. खाली उभी राहून उत्तरा म्हणाली होती, “नीट घाल रे, कापडावर नको येऊ देऊस. आवाज दबेल.”

आणि मग दुसरे काही आठवले, जे त्याच्यापाशी इतके दिवस पडून होते आणि ज्याला त्याने कधी हात लावला नव्हता. उत्तराला नेल्यानंतरचा आठवडा. ठरावावर सही करायला त्याला प्राचार्यांच्या दालनात बोलावले होते. हो, त्याने सही केली होती. बाईंच्या उजव्या हाताशी ते यंत्र होते, खोलीगणिक एक खिट्टी असलेले. तो पेनचे टोपण काढत होता आणि कुठेतरी चमचा पेल्यात ढवळल्याचा आवाज आला. मग कुणीतरी खोकले; तो खोकला त्याच्या ओळखीचा होता, धोंडूचा. त्याला वाटले, धोंडू दाराबाहेर आला आहे. बाईंनी मान न वळवता, बोलणे न थांबवता, यंत्राकडे हात नेला आणि एक खिट्टी वर केली. खांद्यावरून घसरलेला पदर बाई जशा सावरीत, अगदी तशाच सवयीने. आवाज थांबला. त्याने सही केली. बाहेर आला तेव्हा दारात कोणी नव्हते. खालच्या मजल्यावर, लांब, प्राध्यापक-कक्षाच्या दारात धोंडू पेले विसळून झटकत उभा होता. हे त्याने पाहिले होते. पाहिले होते आणि त्याचे काहीच केले नव्हते, कारण बाई बेचाळीसच्या चळवळीतल्या होत्या. त्या येरवड्याला राहून आल्या होत्या, त्यांची खादी त्यांनी स्वतः कातलेल्या सुताची होती, आणि विद्याधरला लिहितावाचता येत असूनही त्याने हे सारे पुराव्याच्या जागी मोजले होते. एमिलियाने माइककडे एकदा पाहून पाठ फिरवली होती. त्याने हार घातला होता.

मुलुंडला या वेळी दार उत्तरानेच उघडले. त्याच्या एका हातात रेकॉर्डर होता, दुसऱ्यात पिशवी. तिने त्या सामानाकडे पाहिले.

“आता माझीही गाणी घेणार आहात?”

“मला फक्त थोडा वेळ दे. मग जातो.”

घरात भावजय नव्हती. तिने त्याला बस म्हटले नाही, पण ती दारातून बाजूला झाली. तो ओळखीची वाक्ये बोलला नाही, शपथ घेतली नाही. त्याने आधी माइकमधून एमिलिया ऐकवली. उत्तराने ती कानाशी न नेता लांबूनच ऐकली. मग त्याने पिशवीतून एक सुटा स्पीकर काढला, रेडिओतला, साधा, काळ्या कागदी तोंडाचा. त्याची तार माइकच्या भोकात जोडली, लांब ओढत स्वयंपाकघरात नेली आणि स्पीकर ओट्यावर ठेवला.

“याच्यासमोर काहीही बोल. कुजबुज.”

“मी बोलायची थांबले आहे,” ती म्हणाली. “खोलीत बोलले की काय होतं ते मला माहीत आहे.”

ती आत गेली. स्पूल फिरत राहिले. आतून काहीच ऐकू येईना. मग ती बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. त्याने फीत मागे घेतली. आधी नुसती सळसळ, मग पावले, मग एक पत्र्याचा आवाज, डब्याचे घट्ट झाकण उघडल्याचा. मग मूठभर तांदूळ उंचावरून डब्यात पडल्याचा आवाज, एकेक दाणा मोजता यावा इतका स्वच्छ. झाकण बसले. उत्तरा ऐकत होती आणि तिचा चेहरा हळूहळू असा झाला की विद्याधरने मान दुसरीकडे केली. तिने हाताने खूण करून ते पुन्हा लावायला सांगितले. तिसऱ्यांदा लावायला सांगितले. मग खाली, फरशीवर, बसली.

“आई गेली तेव्हा मला वाटलं होतं, तुझ्या तोंडावर थुंकावं,” ती म्हणाली. “मग वाटलं, नको. तुला बरं वाटेल.”

‘तुझ्या’ आणि ‘तुला’. त्याने ते ऐकले, पण त्यात समाधान मानण्याइतका तो मूर्ख नव्हता.

“पण यातून काय सिद्ध झालं रे? पेटीला ऐकू येऊ शकतं. बस. बाईंनी ऐकलं, हे नाही. ऐकून सांगितलं, हे तर नाहीच. तूच ऐकलंस, हे मात्र मला ठाऊक आहे. मी स्वतः तुला सांगितलं.”

“धोंडूचा खोकला—”

“तो तुला आठवतो. तुझीच आठवण, तुझाच साक्षीदार. न्यायाधीश हसतील. मला पण हसू येईल.” ती उठली. “बाईंच्या तोंडून ऐकायचंय मला. त्या नाही म्हणाल्या तर तू पुन्हा इथे यायचं नाहीस. कधीच.”

“ठीक आहे. हे पिशवीत घेतो. तोंड उघडं ठेवलं तर—”

“काही घ्यायचं नाही. यंत्र इथेच राहील.” मग थोडे थांबून, “मी कुणाचं चोरून ऐकणार नाही, विद्याधर. तेवढं एक माझ्याकडे उरलंय.”

बाई बोरिवलीला राहात. पुढे पेरू, मागे चिकू, मध्ये बैठे घर. मुलुंडहून दोघे बसने निघाले. विद्याधर मनात मांडणी करत होता: पडदा, वेटोळे, खिट्टी, समितीची रचना, परिशिष्टातली मान. मांडणी निर्दोष होती. तिचा काहीही उपयोग होणार नाही हे त्याला पवईच्या आसपास कळले होते, तरी तो ती करत होता, कारण त्याला दुसरे काही करता येत नव्हते.

बाईंनी दार उघडले आणि उत्तराला पाहून त्यांचे दोन्ही हात आपोआप पुढे आले. “ये गं, ये. किती वाळलीस.” त्यांनी कोकमचे सरबत केले. संध्याकाळचे ऊन जाळीच्या दारातून चटईवर पडले होते, कोपऱ्यात पेटीचरखा होता. विद्याधरने बोलायला सुरुवात केली. त्याने शास्त्र सांगितले, चमचा सांगितला, खोकला सांगितला. बाई मधूनमधून मान हलवत होत्या, हुशार पण उतावळ्या विद्यार्थ्याचे उत्तर ऐकताना हलवीत तशी.

“विद्याधर, तुझं मन मला समजतं,” त्या शेवटी म्हणाल्या. “आपल्यावर आलेला संशय माणसाला भिंतीवरच्या पेट्यांपर्यंत नेतो. समितीने यावर लिहिलं आहे.”

“समितीत तुम्ही होतात.”

“म्हणूनच जबाबदारीने लिहिलं आहे.”

तो पुढे काही बोलणार होता. उत्तराने पेला खाली ठेवला.

“बाई, मी तुमच्या हाताखाली शिकले. मला भांडायचं नाही,” ती म्हणाली. तिचा आवाज इतका मऊ होता की विद्याधरला धक्का बसला. “तेव्हा दिवसच तसे होते. पोलीस तुमच्या दालनात येऊन बसले असतील. संस्था बंद करू म्हणाले असतील, तुम्हालाही आत घालू म्हणाले असतील. भलेभले घाबरले. तुम्ही घाबरून सांगितलं असेल तर एवढंच म्हणा, घाबरले होते. मी उद्यापासून कामावर येते. हा विषय मी पुन्हा काढणार नाही, हाही काढणार नाही.”

दार उघडे होते. कुणीही त्यातून निघून जावे इतके उघडे. आणि विद्याधरला आत कुठेतरी, लाज वाटावी इतक्या तीव्रतेने, वाटले की बाईंनी जावे, घाबरले होते म्हणावे, म्हणजे सगळ्यांना घरी जाता येईल, त्यालाही. घाबरणे त्याला समजत होते. घाबरण्याची त्याला सवय होती. पण बाई उत्तराकडे पाहत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे येत चालले होते ते भय नव्हते, शरमही नव्हती. तो अपमान होता. बेचाळीसला लाठीसमोर उभ्या राहिलेल्या बाईला कुणीतरी तिच्याच घरात, तिच्याच चटईवर बसून, भित्री म्हटले होते, आणि तेही दया दाखवून. त्यांनी पदर नीट केला. पाठ ताठ केली. मग रोज सकाळी ज्या आवाजात चिंतन येई त्याच आवाजात, एकही शब्द न अडखळता, त्या बोलल्या. घरी परतल्यावर विद्याधरने ते उतरवून काढले आणि उत्तराला दाखवले. तिने त्यात काही बदल सुचवला नाही. त्या म्हणाल्या:

“मला घाबरवलेलं नाही कुणी. ते मनातून काढून टाक, उत्तरा; इंग्रजांना मी घाबरले नाही, या हवालदारांना काय घाबरणार? खिट्टी पहिल्यांदा चुकून खाली राहिली होती. दुसऱ्या दिवसापासून मी ती ठेवत गेले. चिंतन संपलं की तुमच्या खोलीत हशा पिकायचा. हा विद्याधर माझी नक्कल करायचा, चांगली करायचा. त्याचं मला काही वाटलं नाही. हसणाऱ्यांची मला सवय आहे. तू हसत नसायचीस. तू म्हणायचीस, ‘नका रे, एकट्या आहेत त्या, कुणी बोलत नाही त्यांच्याशी, म्हणून भिंतीशी बोलतात.’ रोज म्हणायचीस. ते मला ऐकवत नव्हतं आणि ऐकल्याशिवाय राहवतही नव्हतं. त्या शुक्रवारी इन्स्पेक्टर आले होते ते रहदारी सप्ताहाच्या कार्यक्रमासाठी सभागृह मागायला. सभ्य माणूस होता. मी चहा सांगितला, आणि चहा येईपर्यंत तुझं नाव, तुझं घर, तांदळाचा डबा, सगळं सांगितलं. त्याने काही विचारलं नव्हतं.”